शेवटचा परिच्छेद

मला पटकन राग येतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते असं म्हणाले की मला राग येतो. नवरा तर हल्ली नुसता बघतो. तोंडाने काही बोलत नाही, पण चष्मा काढून पुसायला लागतो. लग्नाला एकवीस वर्षं झाली, चष्मा पुसण्याचा अर्थ मला कळतो. त्यामुळे जे झालं ते मी शांतपणे सांगणार आहे. मध्येच आवाज चढला तर तो माझा दोष नाही, घडलेल्या गोष्टींचा आहे.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात 'तिसरी रांग' नावाचं सिनेसमीक्षेचं ऑनलाइन मासिक चालवते. स्वतंत्र मासिक. स्वतंत्र म्हणजे आम्हाला कोणी विचारत नाही. जाहिरात घ्यायची नाही, सिनेमाला तारे द्यायचे नाहीत आणि शेवट लपवायचा नाही, हे आमचे तीन नियम. तिसरा नियम सरांचा. सर म्हणजे माझे सर. कॉलेजात असताना त्यांच्या संध्याकाळच्या वर्गात मी सिनेमा बघायला शिकले. ते म्हणतात, शेवट सोडून सिनेमावर लिहिणं म्हणजे छत सोडून घराचं माप काढणं. आता सर एक्याऐंशीचे आहेत. लेख ते तोंडी सांगतात, मी टाईप करते. कारण त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग विझत चाललाय. कडेने दिसतं, समोर बघितलं तर धूर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, वर्षभर, फार तर दीड.

तर गेल्या वर्षाअखेरीस एकदा लेख सांगता सांगता सर मध्येच थांबले आणि म्हणाले, "काय गं, हल्ली समीक्षकांच्या ओळखपत्राचा रंग कोणता असतो?"

म्हटलं, "का हो सर?"

"काही नाही. आमच्या वेळी निळा होता. पुढे लिही."

मी पुढे लिहिलं, पण तो निळा रंग काही डोक्यातून जाईना. तीस वर्षांपूर्वी सरांच्या वर्तमानपत्राने त्यांच्या परीक्षणातल्या चार ओळी कापल्या, कारण त्याच पानावर त्याच सिनेमाची अर्धं पान जाहिरात होती. सरांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि ओळखपत्र मिळालं होतं त्याच खिडकीवर जमा करून त्याची पावती घेतली. त्यानंतर ते समीक्षकांसाठीच्या सकाळच्या खेळाला कधी बसले नाहीत. तिथे ओळखपत्रावर जागा ठरलेल्या असतात, आणि सरांची जागा तिसऱ्या रांगेत मधोमध होती. मासिकाला नाव कुठून आलं ते कळलं असेलच. आता डोळे आहेत तोवर या माणसाला तिथे बसवायचं, एवढंच मी ठरवलं. ओळखपत्र फक्त नोंदणी झालेल्या नियतकालिकाच्या समीक्षकाला मिळतं. ठीक, नोंदणी करू. त्यात काय मोठं, असं मी नवऱ्याला म्हणाले. त्याने चष्मा पुसला.

पहिलंच घोडं घरात पेंड खायला लागलं. मासिकाचा पत्ता म्हणजे आमच्या फ्लॅटचा पत्ता, म्हणून सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं. सेक्रेटरी हे निवृत्त गोदाम व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण आयुष्यभर आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय एवढंच बघितलेलं. अर्ज वाचून म्हणाले, "वहिनी, शूटिंग गच्चीवर का घरात?"

"शूटिंग नाही हो. आम्ही सिनेमांवर लिहितो."

"बरोबर. म्हणजे आधी लिहिणार. मग शूटिंग."

अर्धा तास डोकं फोडलं. शेवटी पत्र मिळालं, ते असं: 'सदर सदनिकेत चित्रपटविषयक उपक्रम चालतो. त्यास सोसायटीची हरकत नाही. मात्र कलाकारांनी लिफ्ट वापरू नये व जिन्यात मेकअप करू नये.' मी म्हटलं, हे वाक्य काढा. ते म्हणाले, "कमिटीने पास केलंय. आता काढायचं तर सर्वसाधारण सभा लागेल." म्हणजे आमच्या घरी येणारा एकमेव कलाकार, एक्याऐंशी वर्षांचा, अधू डोळ्यांचा, त्याने तीन जिने चढायचे! तळपायाची आग मस्तकात गेली. मी पत्र घेतलं आणि दार आपटलं. दार त्यांचं होतं, त्यामुळे मला पुन्हा उघडून चप्पल घ्यावी लागली.

ही बातमी समोरच्या काकूंना कळायला तेवढा वेळ पुरला. काकू संध्याकाळी पुतणीचे फोटो घेऊन हजर. समोरून, बाजूने, खिडकीतून बाहेर बघताना.

"एखादं काम बघ गं तिच्यासाठी. अगदी मैत्रिणीचं चालेल."

"काकू, आम्ही सिनेमा काढत नाही. कसा झालाय ते सांगतो."

"एवढंच?" काकूंचा चेहरा पडला. "मग त्याला नोंदणी कशाला लागते? मी पण सांगते की. परवाच सांगितलं ना तुला, तो बघू नकोस म्हणून?"

हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारलाय, पण इतका बिनतोड कोणी विचारला नव्हता. काकूंनी वर सल्लाही दिला की मासिकात स्वयंपाकाचं एक पान घाल, म्हणजे कोणीतरी वाचेल.

नियतकालिक नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. लांबलचक खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, कपाटांवर फायली आणि फायलींवर फायली. चार टेबलं, त्यातली तीन कायम रिकामी, खुर्चीला कोट टांगलेला. चौथ्यावर आमचे कारकून. पन्नाशीचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेनाचं टोपण झिजलेलं, ते बघूनच मी काय ते समजायला हवं होतं.

"ऑनलाइन आहे," मी अर्ज देत म्हटलं.

"उत्तम. छापील प्रती तीन जोडा."

"अहो, ऑनलाइन म्हणजे छापलेलंच नाही."

"म्हणून तर छापून आणा म्हणतोय. फाइलला काय लावू मी? वायर?"

आमच्या साइटची पार्श्वभूमी काळी आहे. सिनेमागृहात बसल्यासारखं वाटावं, ही माझीच कल्पना, नवरा नको नको म्हणत होता. त्यामुळे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापायला टाकलं तर पानं काळीकुट्ट, अक्षरं पांढरी. चाळिसाव्या पानाला मशीनने मान टाकली. झेरॉक्सवाला हळू आवाजात म्हणाला, "बाई, कोण गेलं?" मी म्हटलं, माझी अक्कल. सगळं परत पांढऱ्यावर काळं करून घेतलं, तीन प्रती शिवून घेतल्या आणि पुन्हा दुसरा मजला गाठला.

मग सुरू झाल्या त्रुटी. त्रुटी हा त्या कार्यालयाचा लाडका शब्द. पहिली त्रुटी, पानांना क्रमांक नाहीत. घातले. दुसरी त्रुटी, मुद्रकाचं नाव नाही. म्हटलं, मुद्रक कोणीच नाही. "कोणीच नाही असं चालत नाही. माणूस लागतो." म्हणून नवऱ्याला मुद्रक केलं. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी रबरी शिक्कासुद्धा मारला नसेल, पण सही करताना त्याची छाती जरा पुढे आली होती, ते मी बघितलं. तिसऱ्या वेळी रजा टाकून गेले तर साहेब जेवायला. चौथ्या वेळी साहेब जागेवर, पण शिक्का जेवायला, म्हणजे शिक्क्याच्या कपाटाची किल्ली असलेला शिपाई. ओळखपत्राचे अर्ज शुक्रवारी बंद होणार होते, पुढचे थेट पुढल्या वर्षी. डोळ्यांच्या डॉक्टरांचा हिशेब आणि कार्यालयाचा हिशेब शेजारी शेजारी मांडून मी जिन्यात उभी राहिले आणि मला रडू आलं. रागाचं. माझं सगळं रडू रागाचंच असतं.

बुधवारी तिसरी त्रुटी आली. लाल पेनाने, ठसठशीत अक्षरात: 'पृष्ठ १४, शेवटचा परिच्छेद. आक्षेप.'

हे वाचून मी पेटलेच. पृष्ठ चौदा म्हणजे सरांचा लेख! परिच्छेदावर आक्षेप म्हणजे गळचेपी! सरळ सरळ गळचेपी! मी तासभर आरशासमोर भाषण तयार केलं. त्यात विचारस्वातंत्र्य होतं, लोकशाही होती, 'तुमच्यासारखी माणसं' तीन वेळा होतं. नवरा म्हणाला, "आधी काय आक्षेप आहे ते विचार तरी." मी म्हटलं, तू मुद्रक आहेस, मुद्रकासारखा वाग.

कार्यालयात जाऊन मी भाषणाचं पहिलं वाक्य बोलले. कारकुनांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, टोपण लावलं आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, शनिवारची तिकिटं काढली होती मी. हिला घेऊन जाणार होतो. आणि तुम्ही लिहून मोकळ्या, की पत्रं बापच लिहीत असतो म्हणून."

माझ्या भाषणात तिकिटांचा मुद्दाच नव्हता.

सांगायला हवं. तो सिनेमा तीन बहिणींचा. त्यांच्या म्हाताऱ्या बापाला निनावी पत्रं येत असतात, आणि त्या बहिणी एकमेकींवर संशय घेत घर उलटंपालटं करतात. शेवटी कळतं की एकटेपणाला कंटाळून बाप स्वतःच स्वतःला पत्रं लिहीत होता. सरांनी शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की, हे माहीत असताना सिनेमा पुन्हा बघा, आणि फक्त बापाच्या हातांकडे बघा, खरा सिनेमा तिथे चाललाय. मी टाईप करताना थांबले होते, इतका तो परिच्छेद चांगला होता.

"मग वाचलंत कशाला?" मी ओरडले. बाजूचे तीन कोट हलले असतील.

"कशाला म्हणजे? तपासणं माझं काम आहे. वाचल्याशिवाय मी सही करत नाही. बाकीचे करतात. मी नाही." आणि मग मान खाली घालून, "बाकी लेख फार चांगला आहे, हे मी सांगतो. म्हणून तर राग आला. वाईट असता तर मध्येच सोडला असता."

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आमचं मासिक वाचलेला हा जगातला पहिला माणूस, आणि तो माझ्या फाइलवर बसला होता. हसावं की रडावं! मी दोन्ही न करता नुसती धुमसत राहिले. ते म्हणाले, "त्या परिच्छेदाचं काहीतरी करा. उद्या आणा, उद्याच सही करतो. साहेबांची मी घेतो."

काहीतरी करा. बरं.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण शांतपणे सांगायचं ठरलंय. घरी आले, लॅपटॉप उघडला, आणि तो परिच्छेद काढला. साइटवरून काढला, नव्या छापील प्रतींतूनही काढला. दोन मिनिटं लागली. जेवणाची ताटं घ्यायच्या आधी झालंसुद्धा. मनात म्हणत होते, एक परिच्छेद गेला तर काय आभाळ कोसळतंय, ओळखपत्र मिळालं की पुन्हा घालू, सरांना कुठे वाचता येतंय. हो, हेसुद्धा म्हणाले मी मनात. सरांना कुठे वाचता येतंय.

नवऱ्याने विचारलं, "सरांना विचारलंस?"

"तू जेव," मी म्हटलं.

गुरुवारी सही झाली. शुक्रवारी ओळखपत्राचा अर्ज गेला. तीन आठवड्यांनी जाड पाकिटातून ओळखपत्र आलं, वर सरांचा फोटो, खाली 'समीक्षक', आणि बाजूला, अर्जात मी मागितलेल्या जागेचा क्रमांक. त्या तीन आठवड्यांत परिच्छेद पुन्हा घालायचं मी रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी निघत होतं. काय निघत होतं ते आता आठवत नाही, म्हणजे काही निघत नसणार.

रविवारी सरांकडे गेले. त्यांची एकच खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर मोठं भिंग आणि वाकवता येणारा दिवा. टीव्हीसमोर हातभर अंतरावर खुर्ची. मी त्यांच्या हातात ओळखपत्र ठेवलं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं, मग मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, मग बोटाने अक्षरांवरून चाचपलं.

"तिसरी रांगच का गं?"

"तिसरीच, सर. मधोमध."

त्यांनी ओळखपत्र शर्टाच्या खिशात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. मी चहा करायला वळले, नाहीतर सरांसमोर माझं रडू निघालं असतं, आणि हे एक रडू काही रागाचं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. कारकून! "मॅडम, बघितला सिनेमा! काल बघितला!" त्यांचा आवाज नुसता उसळत होता. आता बघा माझा शहाणपणा. हा माणूस कौतुक करणार, ते सरांनीही ऐकावं म्हणून मी फोनचा स्पीकर लावला. लावा अजून!

"शेवट कळला म्हणून चिडून ती तिकिटं परत केली होती. काल गेलो तोही चिडूनच," फोन म्हणाला. "पण बापाच्या हातांकडेच बघत राहिलो. काय सांगू मॅडम! बायको शेवटाला रडली, मी पहिल्यापासून रडत होतो. आता तिला तो तुमचा शेवटचा परिच्छेद वाचायचाय, तर तो साइटवर नाहीच! गेला कुठे?"

मी स्पीकर बंद करायला गेले, तर हाताला चहापत्ती. दोनदा दाबलं, आवाज उलट मोठा झाला.

"काढलात की काय? अहो, मी फक्त वरती एक ओळ टाका म्हणत होतो, की पुढे शेवट सांगितलाय म्हणून! मी मुळात काढा म्हणालोच नाही! बरं, आधी वाचलेलं म्हणून नवी प्रत मी पुन्हा वाचली नाही, तेवढी ओळ आली असेल असं धरून चाललो. कापलंय हे माहीत असतं तर सही केली नसती. असलं लिखाण कापायचं असतं का?"

फोन कसाबसा बंद झाला. चहा उतू गेला. गॅस सरांनीच उठून, चाचपत येऊन बंद केला, कारण मी जागेवरून हलले नव्हते.

"कधी?" सरांनी विचारलं.

"नोंदणीच्या आधी. सर, शुक्रवारची मुदत होती... तुमचे डोळे... मी पुन्हा घालणारच होते..."

"त्यांनी चार ओळी कापल्या होत्या," सर म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, ओरडले असते तर बरं झालं असतं. "पण त्या संपादकाने मला केबिनमध्ये बोलावून तोंडावर सांगितलं होतं. दार लावून, पाणी देऊन. तू तेवढंही नाही केलंस."

गेले दोन महिने मी सेक्रेटरीवर चिडले, काकूंवर चिडले, शिपायावर, शिक्क्यावर, कारकुनावर चिडले. आणि त्या सगळ्यांत सरांचं लिखाण कापणारी एकटी मी निघाले. मला माझा इतका राग आला की तो कोणावर काढावा हेच कळेना. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"ओळखपत्र परत करायचंय का, सर?" मी विचारलं.

"मुळीच नाही. एकदा केलं होतं, तेव्हा मूर्ख होतो. परिच्छेद आत्ताच्या आत्ता घाल. घातलास? मग नवं पान उघड. लेख सांगतो."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. सर खुर्चीत ताठ बसले आणि सांगू लागले. "'तिसरी रांग'च्या संपादिकेने माझ्या लेखाचा शेवटचा परिच्छेद मला न विचारता कापला. पूर्णविराम. हा प्रसंग मी एखाद्या सिनेमासारखा तपासणार आहे. नवा परिच्छेद."

आणि खरंच तपासलं. अकराशे शब्द. मी टाईप करत होते आणि माझे कान तापत होते. संपादिकेची घाई, संपादिकेची दया, आणि दयेत लपलेला मोठेपणा, एकेक धागा उसवून ठेवला. 'अभिनय उत्तम,' असंही एक वाक्य होतं, 'तीन आठवडे तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. अर्थात मला हल्ली चेहऱ्यावरचं दिसत नाही.' एका ठिकाणी मी स्वल्पविराम हलवला, तर कळ दाबल्याच्या आवाजावरून ओळखून म्हणाले, "होता तिथे ठेव."

शेवटाशी आले तेव्हा सरांचा हात खिशावर होता.

"लिही. 'हे ओळखपत्र मला हवं होतं. इतकं हवं होतं, की तिने आधी विचारलं असतं, तर तो परिच्छेद कापायला मी हो म्हणालो असतो. तिने विचारलं नाही याचा मला राग आहे. आणि मी हो म्हणालो असतो, याचा त्याहून जास्त.' पूर्णविराम. संपलं."

मी पूर्णविराम दिला. पडद्यावर ती वाक्यं होती, आणि उद्या ती चारशे माणसं वाचणार होती, कारकून आणि त्यांची बायको धरून.

"सर," मी म्हटलं, "ही शेवटची वाक्यं... काढू का?"

सरांनी मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं.

"आज विचारलंस," ते म्हणाले. "नको काढू."